विचारायचं, हात लावायचा नाही

आमचं ऑफिस हिंगोलीत एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात कीटकनाशकाचा वास असायचा आणि वर गेलं की एसीचा गारवा. त्या एकाच खोलीत आम्ही पाच-सहा जण बसून इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाचे कॉम्प्युटर सांभाळायचो. ते कॉम्प्युटर आम्ही कधी पाहिले नाहीत. गिऱ्हाइकानंही पाहिले नव्हते. एका मोठ्या कंपनीनं गोदामासारख्या इमारतींमध्ये हजारो मशिनी भरून ठेवलेल्या असायच्या. त्या तासाच्या हिशेबानं भाड्यानं मिळायच्या आणि इंटरनेटवरून चालवायच्या. क्लाउड हा शब्द तेव्हा नुकता कानावर पडायला लागला होता.

मी डोंगरकड्याची, पाटलांच्या घरातली. शाळेत असेपर्यंत कॉम्प्युटर फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिलेला. नांदेडला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्यांदा हात लावायला मिळाला, आणि मग दुसरं काही करावंसं वाटलं नाही. पुण्याला पाठवायला घरचे तयार नव्हते. हिंगोलीत मामाचं घर होतं, म्हणून या नोकरीला हो म्हणाले. मामा दर चार दिवसांनी विचारायचे, "म्हंजी नेमकं कुठं हाय ते कॉम्प्युटर?" मी सांगायचे, "समुद्रापलीकडं." ते मान हलवायचे आणि चहाला बसायचे.

ऑफिसचे मालक पुण्यात बरीच वर्षं काढून परत आलेले. घरची शंभरावर एकर जमीन, तीन पिढ्यांची पाटीलकी. त्यांनी कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. शिवी तर कधीच नाही. सगळं हळू, गोड, हसत. कुणाला कामावरून काढायचं असलं तरी आधी स्वतःच्या हातानं त्याच्यासमोर चहा ठेवायचे.

तिथंच दादा होता. माझा सख्खा भाऊ नव्हे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी दादा म्हणायचे. तो सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचा, रोज जीपनं ये-जा करायचा. औरंगाबादला एमसीए केलेलं. आमच्या सगळ्यांत त्याचा कोड वाचायला सोपा असायचा. त्याला बोलताना अडकायला व्हायचं. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथंच थांबायचं. डोळे मिटायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, आणि कधी शब्द सुटायचा, कधी तो सोडून द्यायचा.

मालकांनी त्याचं नाव ठेवलं होतं डायलअप. त्या काळी फोनच्या तारेवरून इंटरनेट लावलं की बराच वेळ किर्र-किर्र आवाज यायचा आणि मग कुठं जोडणी व्हायची. मालक तो आवाज तोंडानं हुबेहूब काढायचे. महिन्याभरात माझ्याशिवाय ऑफिसात सगळे त्याला डायलअप म्हणायला लागले. चहावाल्यापासून खालच्या दुकानदारापर्यंत. तो हाक आली की उठायचा. दुसरं काय करणार?

रोज दुपारी इंग्लंडहून फोन यायचा. तिकडची सकाळ असायची. तिकडचा माणूस एकच विचारायचा, किती मशिनी चालू आहेत, कोणत्या रिकाम्या पडल्यात, कोणत्या मशिनीला कोणती डिस्क जोडलीय. हे काम दादाकडं होतं, तेव्हा उत्तरही त्यानंच द्यायचं असा मालकांचा नियम. फोन स्पीकरवर टाकायचा. दादाला आकडा पाठ असायचा. पण इंग्रजीतला पहिला शब्द अडकायचा. मालक हात पुढं करून पलीकडं आवाज जाणार नाही असं बटण दाबायचे आणि खोलीकडं वळून म्हणायचे, "थांबा. लागून राहिलं. लागून राहिलं." मग तोंडानं किर्र-किर्र. खोली हसायची. मग बटण सोडून मालक स्वतः फोनवर, "सॉरी, आमच्याकडं लाइन खराब आहे."

एकदा मी म्हटलं, "सर, मी देत जाऊ का उत्तर? मला आकडे माहीत असतात."

"तू काहून?" मालक हसून म्हणाले. "त्याची सवय मोडायची आहे ना आपल्याला. मी त्याच्या भल्याचंच करून राहिलो."

दादानं त्यावर जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरून होतं. फोन यायच्या आतच उत्तर पोहोचलं तर फोनच येणार नाही, असा त्यानं विचार केला. अडचण अशी की त्या भाड्याच्या मशिनींबद्दल काही विचारायचं म्हणजे मोठी कटकट. प्रत्येक भागाला वेगळं विचारायचं. प्रत्येक प्रश्नावर गुप्त किल्लीची सही करायची. उत्तर यायचं ते लांबलचक, कंसात कंस, आणि तेही पानापानानं. एक पान वाचलं की पुढचं मागायचं. ते सगळं उकलून हवा तो आकडा काढेपर्यंत निम्मा दिवस जायचा, आणि प्रत्येक नव्या प्रश्नाला तेच सगळं परत लिहायचं.

त्यानं यासाठी एक लायब्ररी लिहिली. प्रोग्राम लिहिणारे ज्याला लायब्ररी म्हणतात ती पुस्तकांची नसते. एकानं नीट लिहून ठेवलेला कोड असतो, बाकीच्यांनी तो आपल्या कामात बोलवायचा. दादाच्या लायब्ररीला एका ओळीत विचारता यायचं. मशिनी दे, चालू असलेल्या, अमुक गटातल्या. किंवा, कुणालाच न जोडलेल्या डिस्क दे. सह्या, पानं, कंस, सगळं ती आत गुपचूप निस्तरायची आणि समोर साफ यादी ठेवायची. मी पहिल्यांदा चालवून पाहिली तेव्हा एवढं सोपं असेल यावर विश्वासच बसेना. मी परत परत वेगवेगळं विचारत बसले. दादा शेजारी खुर्ची ओढून बसला होता, लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडं बघत.

"कशी हाय?" त्यानं विचारलं. त्या दिवशी अडकला नाही.

"लई भारी," मी म्हटलं.

तिच्यात त्यानं दोन गोष्टी मुद्दाम केल्या होत्या. पहिली, ती फक्त विचारायची. मशीन चालू करणं, बंद करणं, काढून टाकणं यातलं काही तिला येत नव्हतं. फाइलच्या माथ्यावर त्यानं मराठीत लिहिलं होतं : विचारायचं, हात लावायचा नाही. दुसरी, गटाचं नाव रिकामं सोडलं तर ती उत्तर देत नव्हती. कोणता गट ते सांगा, असं म्हणून थांबायची. मी विचारलं, रिकामं सोडलं तर सगळ्या मशिनी दाखवायला काय हरकत आहे? त्यानं कागदावर लिहून दाखवलं, 'ज्याला सगळं पाहिजे त्यानं सगळं असं लिहावं. विसरलेल्याला सगळं देऊ नये.'

मी तिची माहिती लिहिली, उदाहरणं लिहिली. रोज सकाळी उत्तर ईमेलनं जायला लागलं आणि दुपारचा फोन खरंच बंद झाला. तिकडून कौतुकाचा ईमेल आला. मालकांनी तो सगळ्यांसमोर वाचला. दादाकडं बघून म्हणाले, "बघा, आता डायलअपला बोलायचीबी गरज न्हाई." खोली हसली. पण दादाही हसला. सुटका झाली होती त्याची.

ते सुख दोन-तीन महिने टिकलं.

पुण्याहून दोन पाहुणे आले. त्यांची मोठी कंपनी होती आणि त्यांनाही अशीच मशिनींची देखरेख हवी होती. मालकांनी ठरवलं की लायब्ररी दाखवायची आणि ती दादानं उभं राहून समजावून सांगायची. दादानं आदल्या दिवशी त्यांना ईमेल केला की ताईला, म्हणजे मला, सांगू द्या, मी शेजारी बसून चालवून दाखवतो. मालक त्याच्या टेबलापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवला.

"नको, नको. ज्यानं केलं त्यानंच सांगावं. हक्क हाय तुमचा."

पाहुण्यांसमोर दादा उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पहिला शब्द लायब्ररी. तो 'ल'वर अडकला. आम्ही सगळे खाली बघत होतो. मालक मात्र त्याच्याकडं बघत होते, अगदी प्रेमानं, शाळेत बक्षीस घेणाऱ्या पोराकडं बापानं बघावं तसं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

"डायलअप, आमच्या पाहुण्यांना आज पुण्याला परत जायचंय. ते पोचायच्या आधी येईल ना शब्द?"

पाहुण्यांतला एक हसला, एक नाही. मालकांना तेवढ्यानं आणखी जोर आला. "त्याची चूक न्हाई हो. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. बैलांशी काय बोलणार? तिथूनच बोलायचं राहून गेलं." मग ते आपल्या भाच्याकडं वळले. "तू सांग रे आपल्या लायब्ररीबद्दल."

भाचा म्हणजे मालकांच्या बहिणीचा मुलगा. पुण्यात डिप्लोमा अर्धवट टाकून आलेला. बोलायला चांगला, इंग्रजी झकास. त्यानं माझ्या लिहिलेल्या उदाहरणांवरून सगळं सांगितलं आणि प्रत्येक वाक्यात 'आम्ही बनवली' म्हणाला. दादा त्या पूर्ण वेळ उभाच होता. त्याला बसा असं कुणी म्हणालं नाही आणि तोही बसला नाही.

पाहुणे गेल्यावर तो खाली नळावर तोंड धुवायला गेला. मी मागं गेले. "दादा, सोडा ही नोकरी."

त्यानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "कु-कुठं जाऊ? पुण्यातबी फोन असतेतच."

पण जो पाहुणा हसला नव्हता त्यानं आठवड्याभरानं दादाला ईमेल केला. तुम्ही लिहिलेला कोड मी पाहिला, आमच्याकडं या, बोलण्याचं काम देणार नाही, असं. दादानं तो मला वाचायला दिला. दिवाळीनंतर जायचं त्यानं ठरवलं. त्याचा चेहरा त्या दिवसांत निवळलेला असायचा. जेवताना तांड्यावरच्या गोष्टी सांगायचा, सावकाश, आणि मी वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचे. त्याच्या आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि माझ्या मामीचं वरण, असे आमचे डबे एकत्र व्हायचे. सगळ्यांसमोर, खिडकीजवळच्या टेबलावर.

इकडं मालकांना लायब्ररीत सुधारणा हवी होती. रिकाम्या पडलेल्या मशिनींचं भाडं गिऱ्हाइकाला लागायचं. "नुसतं विचारून काय करायचं? सापडली रिकामी की लगेच काढून टाकता आली पाहिजे." दादानं लिहून कळवलं की ते काम वेगळं ठेवू, त्यात दोनदा खात्री करून घेऊ, मला थोडे दिवस द्या. मालकांनी ते काम भाच्याला दिलं. भाच्यानं एका दुपारी लायब्ररीतच ते घुसवलं. यादी मिळाली की ती सरळ काढून टाकायला पाठवायची. आणि गटाचं नाव रिकामं असलं की थांबायची ती ओळ त्यानं उडवून दिली. मी शेजारच्या टेबलावर होते. म्हणाला, "सारखं काय, कोणता गट, कोणता गट. डोकं खाऊन राहिलं."

श्रावणात दादा तीजेच्या सणाला तांड्यावर गेला. तो सुटीवर असतानाच ते घडलं. भाचा रिकाम्या मशिनींचा गट काढत होता. गटाचं नाव जिथून यायचं तिथं त्या दिवशी काहीच आलं नाही, जागा कोरी राहिली. लायब्ररीनं कोऱ्या जागेचा अर्थ सगळं असा घेतला. त्याच्या पडद्यावर नावं सरसर वर जायला लागली. त्यात मला गिऱ्हाइकाच्या मुख्य मशिनींची नावं दिसली.

"थांबव! चालू मशिनी जाऊन राहिल्यात!" मी ओरडले.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं घाबरून मागची इंटरनेटची वायर उपटली. त्यानं काय होणार होतं? हुकूम तिकडं पोचला होता. तेव्हा मशीन काढली की तिच्यातलं सगळं जायचं. गिऱ्हाइकाची वेबसाइट, त्यांच्या लोकांनी चढवलेले फोटो, ऑर्डरी, सगळं. बॅकअप घ्यायचा खर्च मालकांनीच वाचवला होता.

फोन आला. मालक कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बोलले, बाहेर आले आणि खुर्चीवर टेकले. चेहऱ्यावर राग नव्हता. "डायलअप कुठं आहे?"

कुणीतरी म्हणालं, "तीजेला गेला, तांड्यावर."

"बराबर," मालक म्हणाले. मग थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. "बराबर."

मी भाच्याकडं बोट करून म्हटलं, "सर, दादाचा यात काही संबंध नाही. मी बघितलं. थांबायची ओळ यांनी काढली, आज चालवलंही यांनीच."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू काय बघितलं, हे तुला कुणी विचारून राहिलं का?"

त्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला एक कागद हवा होता. नातेवाइकाच्या हातून चूक झाली असं लिहिलं तर काम जाणार. नाराज नोकरानं मुद्दाम घात केला आणि आम्ही पोलिसांत तक्रार दिली, असं लिहिलं तर कदाचित राहील. दादावर त्यांचा राग होता असं मला अजूनही वाटत नाही. तो फक्त सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी दादाला तांड्यावरून उचलून ठाण्यात आणलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपली चालत गेले. आत मालक आणि भाचा खुर्चीवर, दादा भिंतीला टेकून उभा. सणाचे नवे कपडे अंगावर होते. मालक जमादाराला समजावत होते, "यानं जाण्याआधी आत टाकून ठेवलं होतं साहेब. टाइम बॉम्बसारखं. हा सुटीवर, आणि इकडं फुटलं."

जमादारानं दादाला विचारलं, "तू केलं का?"

दादाला 'न्हाई' म्हणायचं होतं. ते 'न'वर अडकलं. त्याचे डोळे मिटले, मान एका बाजूला ओढली गेली. आम्ही सगळे बघत होतो. पंखा फिरत होता. जमादारानं परत विचारलं. परत तेच.

"बघा साहेब," मालक हळूच म्हणाले. "न्हाई म्हणत न्हाई."

मी पुढं होऊन सांगायला लागले, तेवढ्यात दारातून दादाचे वडील आले. म्हातारे, डोक्याला लाल फेटा, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. मुलाला तसं उभं बघून ते धावतच आत आले आणि त्यांच्या गोरमाटीत काहीतरी विचारलं. दादानं उत्तर दिलं. घरच्या बोलीत तो फार अडकत नसे, हे मला माहीत होतं. एकदा तांड्यावरून आलेल्या चुलत्याशी बोलताना मी ऐकलं होतं. भरभर, तीन-चार वाक्यं, रडवेल्या आवाजात तो बापाला सांगत होता.

जमादार उठला. "च्यायला, ह्याला तर बोलता येतं!" आणि त्यानं दादाच्या कानाखाली वाजवली. "मघापासून नाटक करून राहिला व्हय?"

म्हातारे मधे पडले, हात जोडले, "साहेब, त्याला तकलीफ हाय, लहानपणापासून हाय," म्हणत राहिले. मी ओरडून सांगितलं की मराठी बोलताना त्याला अडकायला होतं, घरची बोलताना नाही, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, या सरांनाही ठाऊक आहे. आणि ओळ कुणी काढली तेही सांगितलं. जमादारानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू कोण याची?"

एकत्र काम करते, म्हणायला तोंड उघडलं, त्याआधी मालक बोलले. आवाजात तोच जिव्हाळा. "एका डब्यात जेवतात साहेब दोघं. समजून घ्या."

कोपऱ्यातला शिपाई हसला. माझ्या साक्षीची किंमत तिथंच संपली. उलट दादाला आणखी एक ऐकावं लागलं, पाटलाची पोरगी पाहिजे का तुला, असं. पुढचे शब्द मी लिहीत नाही. दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. वडिलांचा हात घट्ट धरून जमिनीकडं बघत राहिला.

संध्याकाळी तांड्याचा नाईक आणि चार जाणती माणसं जीप करून आली, सह्या झाल्या, आणि त्याला सोडलं. मालक दुपारीच निघून गेले होते. शिक्का मारलेली तक्रारीची प्रत त्यांना मिळाली होती, ती स्कॅन होऊन इंग्लंडला गेली होती. पुढं दादाचं काय करायचं यात त्यांना काही रस नव्हता. ती तक्रार कधी कोर्टात गेली नाही आणि कधी मागंही घेतली गेली नाही. पुण्याच्या त्या भल्या पाहुण्याला कुणीतरी कळवलं. त्याचा दोन ओळींचा ईमेल आला. या परिस्थितीत आत्ता नको, वाईट वाटून घेऊ नका.

ठाण्यातलं बोलणं माझ्या आधी मामाच्या घरी पोचलं होतं. मामींनी माझ्यापुढं ताट ठेवलं, पण त्या स्वतः तिथं बसल्या नाहीत. सकाळी वडील डोंगरकड्याहून आले. त्यांनी एकच विचारलं, "खरं बोलायला गेली होती ना?"

"व्हय."

"मग झालं बोलून. चल."

पुढच्या उन्हाळ्याच्या आत माझं लग्न झालं. नवरा नांदेडचा, चांगला मिळाला. त्याला मी हे सगळं आधीच सांगितलं होतं. त्यानंच मला परत कामाला लावलं.

दादा मला नंतर एकदाच भेटला, वारंगा फाट्यावर. नवरा, मी आणि आमची लहान मुलगी चहाला थांबलो होतो. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरवर हळद पॉलिश करायचा ड्रम धडधडत होता, आणि त्याच्याजवळ डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालेला माणूस उभा होता. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. ड्रम बंद करून आला. बायकोला हाक मारून बोलावलं. तिनं माझ्या मुलीच्या हातावर साखरेचा पुडा ठेवला. ती बोलकी होती. हे यंत्र भाड्यानं फिरवतो, हंगामात गावोगाव जातो, सासरे मागच्या साली वारले, सगळं तिनंच सांगितलं. ठाण्यातून आल्यावर म्हातारे पुन्हा हिंगोलीत पाय ठेवायला तयार नव्हते, दवाखान्यासाठीसुद्धा, असंही ती म्हणाली.

मी म्हटलं, "दादा, तुमच्यासारखी लायब्ररी आता लोकांनी फुकट ठेवलीय इंटरनेटवर. आम्ही तीच वापरतो."

तो ऐकत होता. मग त्याला काहीतरी विचारायचं होतं. बराच वेळ लागला. बायको मधे बोलली नाही, मीही नाही.

"रिकामा गट दिला तर?"

"सगळं देते," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "चुकतंय," म्हणाला, आणि पिवळा हात शर्टाला पुसत ट्रॅक्टरकडं गेला.

त्याच वर्षी हिंगोलीत मामेबहिणीचं लग्न होतं. मालक पाहुण्यांत पहिल्या रांगेत होते, डोक्याला फेटा. इंग्लंडचं काम सहा महिन्यांत गेलंच होतं, पण त्यांचं काही अडलं नव्हतं. आता त्यांचे प्रवेशपरीक्षांचे क्लास होते, तीन गावांत. भाचा परदेशात होता. तिकडच्या नोकरीच्या अर्जात लायब्ररी आपली म्हणून लिहिली होती, असं मला मामाकडून कळलं. मालकांनी मला लांबून पाहिलं आणि हात उंचावून बोलावलं. शेजारच्यांना म्हणाले, "ही आमच्या ऑफिसातली. लई हुशार." माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

मी म्हटलं, "सर, दादा भेटला होता."

"कोण दादा?"

मी त्याचं खरं नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. नाटक नव्हतं ते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला मग तो शब्द तोंडातून काढावा लागला, आयुष्यात एकदाच. "डायलअप."

"हां, हां!" ते मोकळेपणी हसले. "काय करतो आता?"

"हळद पॉलिश करतो. वारंग्याकडं."

"बरं झालं की. हळदीत पैसा हाय सध्या," ते म्हणाले, आणि मागून येणाऱ्या कुणालातरी नमस्कार करायला वळले.

मी मुलीला उचललं आणि मांडवाबाहेर आले. नवरा पंगतीत जागा धरून बसला होता, हातानं खुणावत होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, मी गाडीत बसते.